एनयूएफआयपी१ अँटिबॉडी: आमच्या ग्राहकांसाठी थोडी माहिती

पेशीला अन्न कमी पडलं की ती घरातलंच मोडून खाते. प्रथिनं बनवणारे रायबोसोमही त्यातून सुटत नाहीत. त्यांना गुंडाळून लायसोसोममध्ये, म्हणजे पेशीच्या पचनपिशवीत, नेऊन पचवणं म्हणजे रायबोफॅजी. २०१८ साली ‘सायन्स’मध्ये आलेल्या शोधनिबंधानुसार मानवी पेशीत रायबोसोमला पकडून हे काम करणारं प्रथिन म्हणजे एनयूएफआयपी१ (NUFIP1). आमची अँटिबॉडी याच प्रथिनाला ओळखून चिकटते. एरवी ते बहुतांशी केंद्रकात असतं. एमटॉरसी१ (पेशीला अन्न पुरेसं आहे का ते जोखणारं प्रथिनसंकुल) बंद पडलं की बाहेर येतं आणि एलसी३बीला, म्हणजे गुंडाळणाऱ्या पिशवीवरच्या प्रथिनाला, चिकटतं.

मात्र २०२० साली ‘नेचर’मध्ये आलेल्या कामानुसार उपासमारीत रायबोसोम कमी होण्यात या प्रथिनाचा वाटा फारसा नाही. वाद मिटलेला नाही, म्हणूनच तुमचा प्रयोग नेटका हवा. बेळगाव, खानापूर, निपाणीकडचे विद्यार्थी आमच्याकडे येऊन वेस्टर्न ब्लॉटबद्दल (प्रथिनं आकारानुसार वेगळी करून अँटिबॉडीनं ओळखायची चाचणी, त्यात प्रथिन पट्टीसारखं दिसतं) नेहमी एकच विचारतात, "पट्टी गडद झाली पाहिजे ना?" तसं काही नाही. प्रथिन वाढतं की नाही यापेक्षा ते कुठे जातं, हे पाहायचं. म्हणून केंद्रक आणि पेशीद्रव वेगळे करून दोन्ही नमुने शेजारी शेजारी चालवा. पट्टी साधारण ५६ किलोडाल्टनच्या (प्रथिनाच्या वजनाचं एकक) आसपास अपेक्षित आहे. हे प्रथिन ४९५ अमिनो आम्लांचं आहे. या प्रथिनाचं जनुक दाबलेल्या पेशींचा नमुना सोबत नसेल, तर खरं सांगायचं तर पट्टीवर आमचाही विश्वास नाही. लायसोसोममधलं पचन थांबवायला बॅफिलोमायसिन घातलेली एक प्लेटही ठेवा.

वेस्टर्नसाठी अँटिबॉडी १:५०० इतकी पातळ करून सुरुवात करून बघा, पुढे तुमच्या पेशी सांगतील.

साठवण मात्र गांभीर्यानं घ्या. अँटिबॉडीची कुपी उणे २० अंशांवर ठेवायची, पण आपोआप बर्फ वितळवणाऱ्या फ्रीजरमध्ये नको, कारण तो अधूनमधून तापतो. कुपी आली की लगेच लहान भाग करून ठेवा. पावसाळ्यात लाईट गेली तर फ्रीजरचं दार उघडून बघू नका, बंदच राहू द्या. एकदा एका ग्राहकानं दर तासाला दार उघडून खात्री केली, आणि नेमकी त्यामुळेच कुपी वाया गेली. एचआरपी (पट्टी दिसू देणारं विकर) जोडलेल्या दुय्यम अँटिबॉडीत, म्हणजे आमच्या अँटिबॉडीला चिकटणाऱ्या दुसऱ्या अँटिबॉडीत, सोडियम अझाइड हे परिरक्षक घालू नका, एचआरपी मंदावतं.

हे उत्पादन फक्त संशोधनासाठी आहे, रुग्णाच्या तपासणीसाठी नाही. पार्सल पुण्याहून बर्फात येतं. पोहोचेल त्या दिवशी लॅबमध्ये कोणी असेल याची खात्री करूनच ऑर्डर द्या, रविवारी पाठवत नाही.