वाहाकाच्या मठात देशी वारसा कसा आला

मेक्सिकोच्या दक्षिणेकडच्या वाहाका शहरात सांतो दोमिंगो नावाचे चर्च आहे आणि त्याला लागून एक प्रचंड मठ. या मठात आज ‘वाहाकाच्या संस्कृतींचे संग्रहालय’ आहे. झापोतेक, मिश्तेक आणि त्या राज्यातल्या इतर मूळ रहिवाशांची कला, वस्त्रे, भांडी, देवदेवता तिथे पाहायला मिळतात. गंमत अशी, की या लोकांचे जुने देव मोडून काढायला स्पेनहून आलेल्या दोमिनिकन या कॅथलिक पंथाच्या साधूंनीच हा मठ उभारला होता.

बांधकाम सोळाव्या शतकात सुरू झाले. १६०८ मध्ये साधू राहायला आले तेव्हाही इमारत अर्धवटच होती. दगड इथलाच, हिरवट झाक असलेला. राबणारे हातही इथलेच. चर्चच्या आत सोन्याच्या वर्खाची जी लयलूट दिसते, तिच्यामागे मात्र एक किडा आहे. निवडुंगावर वाढणारा हा कोचिनील किडा वाळवून कुटला की गडद लाल रंग मिळतो. एक पौंड रंगाला सुमारे ७०,००० किडे लागत. तो जोपासण्याची विद्या देशी शेतकऱ्यांची, नफा मात्र व्यापाऱ्यांचा आणि स्पेनच्या राजाचा. मेक्सिकोतून युरोपात जाणाऱ्या मालात चांदीखालोखाल याच रंगाची किंमत होती आणि वाहाका त्याचे मुख्य केंद्र. इंग्रज लष्करी अधिकाऱ्यांचे लाल डगले याच रंगाचे. म्हणून तर ईस्ट इंडिया कंपनीने अठराव्या शतकाच्या अखेरीस हा किडा मद्रासकडे आणून पाहिला. आपल्याकडे बांधावर माजलेला फड्या निवडुंगही मूळचा अमेरिका खंडातलाच.

साधूंबद्दल एक गोष्ट मान्य करायला हवी: धर्मप्रसारासाठी का होईना, ते इथली भाषा शिकले. फ्राय हुआन दे कोर्दोव्हा या दोमिनिकनाचा झापोतेक शब्दकोश १५७८ मध्ये छापला गेला. जुन्या झापोतेकचा अभ्यास आजही त्याच्यावाचून अडतो.

मठाचे दिवस फिरले ते एकोणिसाव्या शतकात. चर्चची मालमत्ता सरकारजमा करणारे कायदे १८५९ मध्ये आले, ते करणारा राष्ट्राध्यक्ष बेनितो हुआरेस. हा वाहाकाच्याच डोंगरातल्या खेड्यात जन्मलेला झापोतेक मुलगा. साधू गेले, सैन्य आले. मठाची बराक झाली, चर्चमधल्या मूळ वेद्या नष्ट झाल्या. चर्च १९३८ मध्ये पुन्हा उपासनेसाठी खुले झाले. मठाच्या एका भागात १९७२ पासून प्रादेशिक संग्रहालय होते, पण उरलेली जागा सोडायला सैन्याला १९९४ उजाडले.

जागा मोकळी होणार म्हटल्यावर तिच्यावर डोळा ठेवणारेही आले. इथे हॉटेल आणि परिषद केंद्र करावे, असा बेत पुढे आला. त्याच्या आड उभा राहिला फ्रान्सिस्को तोलेदो, झापोतेक वंशाचा, जगभर नाव झालेला चित्रकार. गावातल्या कलावंतांना आणि नागरिकांना जमवून त्याने वारसा जपणारी संघटना काढली आणि मठ सार्वजनिकच राहील असे पाहिले. (पुढे २००२ मध्ये शहराच्या मुख्य चौकात मॅकडोनाल्ड्स येणार म्हटल्यावर याच गृहस्थाने लोकांना तमाले, म्हणजे मक्याच्या पिठाचा वाफवलेला स्थानिक पदार्थ, फुकट वाटून निषेध केला. तोही बेत बारगळला.) जीर्णोद्धार होऊन १९९८ मध्ये संग्रहालय नव्या रूपात उघडले.

तिथला सर्वांत मोठा ऐवज म्हणजे मोन्ते अल्बानच्या सातव्या थडग्यातला खजिना. शहरालगतच्या डोंगरावरील या प्राचीन झापोतेक नगरात आल्फोन्सो कासो या पुरातत्त्वज्ञाला तो १९३२ च्या जानेवारीत सापडला. थडगे झापोतेकांचे, पण काही शतकांनी मिश्तेकांनी ते उघडून आपली माणसे तिथे पुरली होती. सोने, मोती, कोरीव हाडे, पिरोजा जडवलेली कवटी असा तो ऐवज. तो कोणाचा यावरून वाहाका राज्य आणि केंद्र सरकार थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडले. दागिने राहिले मात्र वाहाकातच.

मठामागच्या ज्या आवारात सैन्य होते, तिथे आता फक्त वाहाका राज्यातल्या वनस्पतींची बाग आहे. तिथल्या निवडुंगाच्या फडांवर पांढरी बुरशी धरल्यासारखे ठिपके दिसतात. एखादा ठिपका नखाने चिरडला की बोट लालभडक होते.