अर्ध्या मिनिटाची शर्यत

बहुतेक माशांच्या अंड्याला दार असतं, तेही एकच. ट्राउटचं अंडं वाटाण्याहून लहान, नारिंगी आणि गोल. त्याच्या जाड आवरणात एका जागी बारीक भोक असतं. सूक्ष्मदर्शकाशिवाय दिसणार नाही इतकं बारीक. एका वेळी एकच शुक्राणू शिरेल एवढीच त्याची रुंदी. आत जायला दुसरी वाट नाही.

आणि वेळही नाही. नराच्या पोटात असेपर्यंत शुक्राणू निपचित पडून असतात. पाणी लागलं की त्यांच्या शेपट्या वळवळू लागतात आणि ट्राउटच्या शुक्राणूंची सगळी ताकद साधारण अर्ध्या मिनिटात संपते. तिकडे अंडंही पाणी शोषून टणक होऊ लागतं, भोक बुजू लागतं. म्हणून विणीच्या वेळी नर मादीला अगदी खेटून असतो. मादी नदीच्या तळाशी शेपटीने खडी उडवून खळगा करते, त्यात अंडी सोडते आणि त्याच क्षणी नर आपला दुधासारखा द्रव सोडतो. मग मादी प्रवाहाच्या वरच्या अंगाला पुन्हा खणू लागते. तिथली खडी वाहत येऊन अंड्यांवर पसरते. पांघरूण आपोआप पडतं!

भर समुद्रात ना खडी, ना खळगा. तिथे भिस्त संख्येवर. कॉडची मोठी मादी एका हंगामात लाखो अंडी पाण्यात सोडून देते. सनफिशच्या दीड मीटर लांबीच्या एका मादीच्या पोटात सुमारे ३० कोटी अंडी असावीत, असा अंदाज आहे. यातली बहुतेक कुणाच्या तरी तोंडी जातात.

यावरून माशांना बेफिकीर आईबाप ठरवणं मात्र घाईचं होईल. स्टिकलबॅकचा नर पाणवनस्पतींचे तुकडे गोळा करतो, स्वतःच्या मूत्रपिंडातून स्रवणाऱ्या चिकट द्रवाने ते जोडतो आणि घरटं बांधतो. मादी त्यात शिरते, अंडी घालते आणि निघून जाते. पुढचं सगळं बापाकडे. घरट्याच्या तोंडाशी राहून तो पर हलवत अंड्यांवर ताजं पाणी ढकलत राहतो. गर्भ वाढले की त्यांना प्राणवायू जास्त लागतो. तसा त्याचा वाराही वाढतो. समुद्रघोड्याचा नर तर अंडी पोटावरच्या पिशवीतच वाढवतो. गप्पी मादी थेट पोहती पिल्लं देते.

पण सगळ्यात अचाट तऱ्हा स्प्लॅश टेट्राची. नर-मादी जोडीने पाण्याबाहेर उडी मारतात, वर लोंबणाऱ्या पानाला क्षणभर चिकटतात, तिथे काही अंडी लावतात आणि खाली पडतात. असं पुन्हा पुन्हा. पाण्यातल्या शत्रूंपासून अंडी वाचली, पण आता सुकण्याची भीती. मग नर पानाखाली थांबून शेपटीने वर पाणी उडवत राहतो. दोन-तीन दिवसांनी अंडी फुटतात आणि पिल्लं टपाटप पाण्यात पडतात.