एलपी आणि पीपीडेव्ह: पोर्ट एक, दारं दोन

लिनक्समध्ये २५ पिनांच्या जुन्या पॅरलल पोर्टकडे (प्रिंटर जोडायच्या जुन्या खाचेकडे) जायला दोन फायली दिसतात: /डेव्ह/एलपी० आणि /डेव्ह/पारपोर्ट०. पहिलीमागे एलपी ड्रायव्हर (हार्डवेअर हाताळणारा प्रोग्राम) असतो, दुसरीमागे पीपीडेव्ह. साध्या पीसीवर दोघांच्या खाली पारपोर्ट_पीसी हा एकच ड्रायव्हर असतो आणि ०x३७८ सारख्या पत्त्यावरच्या रजिस्टरांशी (पोर्टच्या पिना हलवणाऱ्या आणि वाचणाऱ्या जागांशी) प्रत्यक्ष तोच बोलतो. त्यामुळे कुठलीही फाईल उघडली तरी चालेल, असं सहज वाटून जातं.

मलाही तसंच वाटलं होतं. डेटाच्या आठ पिनांना आठ एलईडी जोडले, प्रोग्राममधून एलपी०मध्ये एक बाइट लिहिला आणि प्रोग्राम जागीच अडकून बसला. दोन संध्याकाळ मी सोल्डरिंग तपासत होतो, पण सोल्डरिंग उत्तम होतं.

एलपी समोर प्रिंटर आहे असंच धरून चालतो. बाइट पाठवण्याआधी तो ११ नंबरच्या पिनवरचा बिझी (‘कामात आहे’) सिग्नलचं व्होल्टेज खाली यायची वाट बघतो, मग डेटा ठेवतो आणि १ नंबरच्या पिनवर स्ट्रोबचा, म्हणजे ‘आता बाइट घे’ असा, ठोका देतो. ११ नंबर मोकळा सोडला, तर बहुतेक पोर्टांवर तो वरच राहतो. ड्रायव्हरच्या लेखी प्रिंटर कामात आहे, म्हणून तो थांबतो. कागद संपला, प्रिंटर ऑफलाइन आहे, हेही तो स्वतःच ओळखतो. कागद आहे, प्रिंटर ऑनलाइन आहे आणि तरीही एरर लाइन खाली गेलेली आहे, अशा वेळी लॉगमध्ये येणारा ‘एलपी० ऑन फायर’ हा प्रसिद्ध संदेश याच तपासणीतून निघतो. डॉट मॅट्रिक्सवर बिलं छापायची असतील तर ही सगळी काळजी हवीच.

पीपीडेव्ह यातलं काहीच करत नाही. पीपीक्लेम या आयओसीटीएलने (प्रोग्रामने ड्रायव्हरला द्यायच्या आज्ञेने) पोर्ट ताब्यात घ्यायचा, पीपीडब्ल्यूडेटाने बाइट ठेवायचा, पीपीआरस्टेटसने स्थिती वाचायची आणि शेवटी पीपीरिलीजने पोर्ट सोडायचा. स्ट्रोब कधी द्यायचा, हे तुम्ही ठरवायचं. बिझीचा बिट उलटा वाचला जातो (पिन वर असेल तर बिट ०), हेही तुम्हीच लक्षात ठेवायचं. एलईडी, रिले किंवा स्वतः बांधलेला मायक्रोकंट्रोलर प्रोग्रामर यांच्यासाठी मी डोळे झाकून हेच दार सांगेन.

दोन्ही ड्रायव्हर एकाच वेळी लोड असले तरी सहसा भांडण होत नाही, कारण त्यांच्यात पोर्ट वाटून देणारा पारपोर्ट हा लिनक्सचा भाग त्यांना पोर्ट आळीपाळीने देतो. अडचण येते ती प्रोग्रामने पीपीएक्ससीएल हा आयओसीटीएल वापरून पोर्ट एकट्यासाठी मागितला की. एलपी छापत नसला तरी पोर्टवर त्याची नोंद असतेच, आणि तेवढ्यावरून पीपीक्लेम नाकारला जातो. अशा वेळी वायरिंगला हात लावू नका. ‘मॉडप्रोब -आर एलपी’ ही आज्ञा चालवून एलपी ड्रायव्हर काढा आणि पुन्हा प्रयत्न करा.

/डेव्ह/यूएसबी/एलपी० हे नाव मात्र फसवं आहे. यूएसबीला लावायच्या प्रिंटर केबलमागे यूएसबीएलपी हा वेगळा ड्रायव्हर असतो. तिथे ०x३७८ नाही, पारपोर्ट नाही, पिना एकेक करून हलवायची सोय नाही. ती केबल घेऊन एलईडी पेटवायला बसू नका, ती छपाईपुरतीच आहे.