निरगाठ का सुटते?

गेल्या मे महिन्यात आजोळच्या विहिरीत माझ्या हातून पोहरा पडला. जुना काथ्याचा दोर खालच्या टोकाला झिजला होता, म्हणून मी तेवढे तीन वाव कापून टाकले आणि बाजारातून आणलेला निळा नायलॉनचा दोर तिथे जोडला. उजवं टोक डाव्यावरून, मग डावं उजव्यावरून, आणि दोन्ही हातांनी कचकून ओढून आवळलं. चांगली निरगाठ होती. तिसऱ्या खेपेला भरलेला पोहरा काठाशी येता येता निळं टोक काथ्याच्या विळख्यातून अलगद निसटलं.

"तुटला?" मामांनी ओट्यावरून विचारलं.

"नाही, सुटला."

नशीब एवढंच, की निळ्या दोराचं मोकळं टोक पाण्यावर तरंगत होतं. गळ टाकून पाच मिनिटांत पोहरा वर आला. (त्यावरून हेही कळलं, की तो नायलॉन नव्हताच. नायलॉन पाण्यात बुडतं. दुकानात नायलॉन म्हणून मिळणारे स्वस्त रंगीत दोर बहुधा पॉलिप्रॉपिलीनचे किंवा पॉलिएथिलीनचे असतात. ते पाण्याहून हलके, आणि काथ्याच्या मानाने फारच गुळगुळीत.)

काथ्याचा किंवा सुती दोर आखूड तंतूंना पीळ देऊन केलेला असतो. त्याच्या अंगावर हजारो तंतूंची टोकं कुसळांसारखी उभी असतात, ती एकमेकांत अडकतात. प्लॅस्टिकचा धागा अखंड निघतो. त्याला कुसळं नाहीत, त्यामुळे गाठीला धरायलाही काही नाही.

मग घर्षण कमी असेल तर गाठ जोरात आवळावी? मीही तेच केलं होतं. पण आवळण्यापेक्षा गुंडाळण्याला महत्त्व का, हे अठराव्या शतकात गणितज्ञ ऑयलरने मांडलेल्या गणितातून दिसतं. खांबाला दोर गुंडाळून एक टोक हातात धरलं, तर दुसऱ्या टोकाचा किती भार पेलता येईल, याचं ते गणित. घर्षणांक (म्हणजे दोन पृष्ठभाग एकमेकांना किती धरतात याचं माप) 0.3 असेल आणि हाताने एक किलोचा ताण दिला असेल, तर एका फेऱ्याने साडेसहा किलो पेलतात, दोन फेऱ्यांनी 43 आणि तीन फेऱ्यांनी 280 हून जास्त. आता घर्षणांक 0.1 धरा. एका फेऱ्याला दोन किलोही पेलत नाहीत, आणि साडेसहा किलोंपर्यंत पोचायला तीन फेरे लागतात. घर्षण एक तृतीयांश झालं की फेरे तिप्पट हवेत. गाठीत खांबाची जागा दुसरा दोर घेतो. तो मऊ असल्याने हिशेब इतका नेटका राहत नाही, पण कल तोच.

माझी चूक दुहेरी होती. फेरे कमी होतेच, शिवाय दोर विजोड होते. निरगाठ दोन्ही दोर सारखेच वाकतील, या भरवशावर उभी असते. एक दोर ताठर असला की तो ताणाखाली सरळ होऊ पाहतो, आणि दुसऱ्याचे वेढे त्याच्यावरून मोज्यासारखे उतरतात. दुसरा पदर उलटा पडून तिरकी गाठ झाली, तर ती आणखी लवकर सुटते. 2020 साली अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये विशाल पाटील आणि सहकाऱ्यांनी ताण पडला की रंग बदलणारे तंतू वापरून गाठींचा अभ्यास केला. दोर एकमेकांना किती ठिकाणी ओलांडतात, हे तर महत्त्वाचं आहेच. पण शेजारशेजारच्या ओलांडणीवर दोराला उलटसुलट पीळ बसला, तर गाठ धरते. एकाच दिशेने बसला, तर दोर गडगडत निघून जातो. म्हणजे सुंभ जळो न जळो, पीळ राहायला हवा!

विजोड दोरांसाठी जुना उपाय शीट बेंड. कोष्टी तुटलेलं सूत सांधतात तीही रचनेने हीच गाठ, आणि मासेमारीच्या जाळ्यातही हीच. जाड किंवा ताठर दोराचा दुमडून यू करायचा. बारीक दोर यूमधून खालून वर काढायचा, यूच्या दोन्ही पायांना मागून वेढा घालायचा आणि स्वतःच्याच खाली दाबून ओढायचा. गुळगुळीत असेल तर आणखी एक वेढा. मोनोफिलामेंटच्या (एकाच अखंड प्लॅस्टिक तंतूच्या) जाळ्यांत असाच जादा वेढा घेतात, कारण तिथे एकेरी गाठ सरकते. दोन्ही मोकळी टोकं एकाच बाजूला यायला हवीत आणि दोराच्या जाडीच्या दहा-बारा पट तरी लांब ठेवावीत. एक खोड मात्र आहे: भार निघून दोर हलत राहिला, की ही गाठ सैलावते.

दोन्ही दोर निसरडे असतील, तर मी डबल फिशरमन मारतो. प्रत्येक टोकाने दुसऱ्या दोराला दोन वेढे घालून ते स्वतःच्याच वेढ्यांतून काढायचं, आणि मग दोन्ही गाठी ओढून एकमेकींना भिडवायच्या. भार पडल्यावर सोडवताना मात्र नखं तुटतात. सोडवायची वेळ येणार असेल, तर झेपेलिन बेंड नावाची जोडगाठ बरी. गिर्यारोहकांच्या बटरफ्लाय बेंडपेक्षा ती किंचित सरस असल्याचं एमआयटीच्या त्याच अभ्यासात दिसलं. आणि माणसाचा जीव टांगायचा असेल, तर सांधलेला दोर नकोच. कुठलीही गाठ दोराची ताकद बरीच खाते.

विहिरीवर मी शेवटी दुहेरी शीट बेंड मारली, काथ्याचा यू करून. पहिल्या भरल्या पोहऱ्याला निळं टोक बोटभर आत सरकलं आणि थांबलं. मामांनी ते पाहिलं, मान डोलावली आणि मग वर बोट दाखवलं. गाठ एवढी जाड झाली होती, की ती कप्पीतून जाईना.