पोटरी वाढवायची तर गुडघा सरळ हवा

छाती, दंड आणि मांड्या मेहनतीने कमावता येतात, पोटऱ्या मात्र आईवडिलांकडून मिळतील तेवढ्याच, अशी समजूत साताऱ्या-सांगलीकडच्या तालमींत आणि नव्या जिममध्येही सर्रास ऐकू येते. नेमाने बैठका मारून मांड्या भरल्या, पण पोटऱ्या होत्या तशाच राहिल्या, असा अनुभव घेतलेल्या तरुणाला ती खरी वाटणे साहजिक आहे. ती बहुतांशी चुकीची आहे आणि तिचे उत्तर पोटरीच्या रचनेतच सापडते.

पोटरीत प्रामुख्याने दोन स्नायू असतात. बाहेरून दोन फुगवट्यांचा दिसतो तो गॅस्ट्रोक्नेमियस आणि त्याच्या आत, हाडांना लगटून असतो तो सोलियस. खाली दोघेही अकिलीस या जाड कंडरेत, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या दोरीत, एकत्र येऊन टाचेच्या हाडाला जोडले जातात, त्यामुळे दोघांचेही काम टाच उचलण्याचे. फरक आहे तो वरच्या टोकाला. सोलियस गुडघ्याखालच्या हाडांपासून सुरू होतो, तर गॅस्ट्रोक्नेमियस गुडघा ओलांडून मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकापर्यंत पोहोचतो. म्हणजे गुडघा वाकला की त्याची दोन्ही टोके जवळ येतात आणि टाच उचलण्यापूर्वीच तो आखूड झालेला असतो.

आखूड झाल्याने काय बिघडते, हे समजण्यासाठी स्नायूच्या आत शिरावे लागते. स्नायूचा प्रत्येक तंतू सार्कोमिअर नावाच्या सुमारे अडीच मायक्रोमीटर लांबीच्या घटकांनी बनलेला असतो. त्यात मायोसिन आणि ॲक्टिन या दोन प्रथिनांचे अनुक्रमे जाड आणि बारीक धागे एकमेकांत गुंतलेले असतात. मायोसिनची डोकी ॲक्टिनला पकडून खेचतात आणि धागे आखूड न होता एकमेकांवरून सरकतात. हा सिद्धान्त १९५४ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी एकाच वेळी मांडला. एका गटात अँड्र्यू हक्सली होते आणि दुसऱ्यात ह्यू हक्सली. आडनाव एक असले तरी दोघांचे नाते नव्हते. पुढे १९६६ मध्ये बेडकाच्या एकेका स्नायुतंतूवर केलेल्या प्रयोगांतून दिसले की निर्माण होणारे बल हे जाड आणि बारीक धागे एकमेकांत किती शिरलेले आहेत यावर ठरते. सार्कोमिअर फार ताणला तर मायोसिनच्या डोक्यांना पकडायला ॲक्टिन उरत नाही. फार आखडला तर समोरासमोरचे ॲक्टिनचे धागे एकमेकांवर चढून अडथळा करतात, आणखी आखडला तर मायोसिनची टोके सार्कोमिअरच्या भिंतींना टेकतात. दोन्हीकडे बल घटते. सैल कासरा कितीही हिसकला तरी बैल वळत नाही, तशीच वाकलेल्या गुडघ्यातल्या गॅस्ट्रोक्नेमियसची गत होते. आणि स्नायू वाढण्याचा मुख्य संकेत म्हणजे तंतूंवर येणारा यांत्रिक ताण. तोच कमी पडला तर पेशीने नवी प्रथिने रचावीत कशासाठी?

देशी बैठकेत खाली जाताना टाचा उचलल्या जातात खऱ्या, पण त्याच वेळी गुडघा पूर्ण वाकलेला असतो, त्यामुळे भार मांडीवर येतो आणि गॅस्ट्रोक्नेमियस जवळजवळ मोकळाच राहतो. बसून टाचा उचलण्याच्या यंत्राचेही तेच आहे. जपानमधील संशोधकांनी २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १४ जणांनी एका पायाने उभे राहून आणि दुसऱ्याने बसून, आठवड्यातून दोनदा, १२ आठवडे हा व्यायाम केला. एमआरआयने मोजल्यावर गॅस्ट्रोक्नेमियसचा बाहेरचा, म्हणजे करंगळीकडचा भाग उभ्या व्यायामाने १२.४ टक्के, तर बसून १.७ टक्के वाढलेला आढळला; आतल्या, अंगठ्याकडच्या भागाचे आकडे ९.२ आणि ०.६ टक्के होते. सोलियसमध्ये मात्र फारसा फरक नव्हता.

त्याच वर्षी ब्राझीलमधल्या अभ्यासाने दुसरी बाजू दाखवली. ज्या तरुणींनी टाच उचलण्याच्या हालचालीचा फक्त खालचा, पोटरी ताणलेली असतानाचा भाग केला, त्यांच्या आतल्या गॅस्ट्रोक्नेमियसची जाडी ८ आठवड्यांत सुमारे १५ टक्क्यांनी वाढली. पूर्ण हालचाल करणाऱ्यांची सुमारे ७ आणि फक्त वरचा भाग करणाऱ्यांची सुमारे ३ टक्क्यांनी. म्हणून पायरीच्या कडेवर चवडे ठेवून, गुडघे सरळ राखून, टाच पायरीच्या खाली जाऊ द्यावी आणि तिथे क्षणभर थांबावे. थांबणे महत्त्वाचे, कारण उसळी घेतली तर ताणलेली अकिलीस कंडरा साठवलेली ऊर्जा परत देते आणि स्नायूचे काम हलके होते. सहज जमू लागले की एका पायावर करावे, मग हातात वजन घ्यावे. अजिंक्यताऱ्याची चढण रोज चढणाऱ्याच्या पोटऱ्यांत दम येतो, पण भार रोज तेवढाच राहिला तर आकाराची वाढ लवकरच थांबते.

तेलाच्या मालिशीने पोटरी जाड होत नाही, आणि घोट्याला बांधलेल्या काळ्या दोऱ्याने तर काहीच होत नाही. महागड्या पावडरीच्या डब्यांवरील दाव्यांनाही भुलू नये. दूध, अंडी, मटकी, शेंगदाणे यांतून पुरेसे प्रथिन मिळत असेल तर डब्याची गरज उरत नाही.

आनुवंशिकतेने बरेचसे ठरते ते हे, की स्नायूचा मांसल भाग कुठे संपतो आणि कंडरा कुठे सुरू होते. ज्याची कंडरा लांब, त्याची पोटरी उंचावर आणि आखूड दिसते, आणि ती सीमारेषा व्यायामाने खाली सरकत नाही. तिच्या वरचा भाग मात्र जाड होऊ शकतो. टाचेच्या मागे, कंडरेच्या जोडापाशी दुखू लागले तर टाच पायरीखाली नेणे काही दिवस थांबवून सपाट जमिनीवरच व्यायाम करावा, आणि दुखणे टिकले तर डॉक्टरांना दाखवावे.