डोंगरवाटांची आखणी व नोंद

डोंगरवाटांची आखणी व नोंद : निघण्यापूर्वी डोंगरवाट नकाशावर आखणे आणि चालून आल्यावर ती दुसऱ्याला सापडेल अशी टिपून ठेवणे, असा हा दुहेरी छंद. सह्याद्री हाकेच्या अंतरावर असल्याने पुण्यात तो चांगलाच रुजला आहे. सिंहगडाची आतकरवाडीची वाट कोणी आखत बसत नाही. आखणी लागते ती तोरण्याच्या बुधला माचीवरून राजगडाच्या संजीवनी माचीकडे जाताना, किंवा कोकणात उतरणाऱ्या नाळांत (कड्यांमधल्या अरुंद, उभ्या घळींत) व घाटवाटांवर.

हौसेने गड फिरणारे पुण्यात विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून असावेत. नकाशा हाती घेऊन वाट आखण्याची सवय त्यानंतरची मानणे अधिक सयुक्तिक. उपग्रहाधारित नोंद तर २००० नंतरचीच. त्या वर्षी २ मे रोजी अमेरिकेने नागरी जीपीएस संकेतांत मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली. तोवर स्थान शंभर मीटरपर्यंत चुकत असे.

आखणीचा मूळ आधार म्हणजे भारतीय सर्वेक्षण विभागाची (स्थापना १७६७) स्थलदर्शक पत्रके. जुनी पत्रके मैलाला एक इंच (१:६३,३६०) या प्रमाणाची, नंतरची १:५०,००० ची. पुण्याचा परिसर ४७ एफ या गटात येतो. प्रत्येक पत्रक १५ कलांचे (पाव अंश अक्षांश-रेखांशाचे) असल्याने तोरणा ४७ एफ/११ वर, तर राजगड शिवेलगत ४७ एफ/१२ वर पडतो. एका दिवसाच्या चालीसाठी दोन पत्रके जोडून घ्यावी लागतात आणि घडी नेमकी डोंगराच्या धारेवर येते.

पत्रकावर दोन समोच्च रेषांमध्ये २० मी. उंचीचे अंतर असते. सह्याद्री आडव्या बेसाल्ट थरांचा असल्याने दहा-पंधरा मीटरचा उभा कातळटप्पा या दोन रेषांच्या मध्ये बेमालूम लपतो. रेषा विरळ म्हणजे चढ सोपा, हा पाठ्यपुस्तकी नियम म्हणूनच येथे जपून वापरावा. दुसरी अडचण आधारपृष्ठाची, म्हणजे अक्षांश-रेखांश मोजण्यासाठी पृथ्वीचा जो गणिती आकार (गोलाभ) धरतात त्याची. जुनी पत्रके एव्हरेस्ट गोलाभावर बेतलेली, तर जीपीएस डब्ल्यूजीएस-८४ या जागतिक आधारपृष्ठावर चालते. रूपांतर न करता एकाचे अक्षांश-रेखांश दुसऱ्यावर मांडले, तर या भागात जागा शंभर मीटर किंवा थोडी अधिक सरकते. पठारावर हे खपून जाते. घाटमाथ्यावर तेवढ्याने माणूस शेजारच्या घळीत उतरतो. राष्ट्रीय नकाशा धोरण, २००५ नंतरच्या खुल्या मालिकेत डब्ल्यूजीएस-८४ च स्वीकारल्याने हा घोळ मिटला. उंचीचा मिटला नाही. पुण्याजवळ समुद्रसपाटीचे पृष्ठ (भूरूप) गोलाभाच्या साठ-सत्तर मीटर खाली असल्याने, गोलाभापासून मोजलेल्या उंचीत दुरुस्ती न करणारे उपकरण सुमारे १,४०० मी. उंचीचा तोरणा बराच बुटका दाखवते.

वेळेचा अंदाज विल्यम नाइस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाच्या १८९२ च्या नियमाने बांधतात : ताशी सुमारे पाच किमी., शिवाय दर ६०० मी. चढाला एक तास. आतकरवाडीहून सिंहगडाचे सुमारे अडीच किमी. आणि सहाशेच्या आसपास चढ यांना तो दीड तास देतो, आणि नवखा माणूस साधारण तेवढाच घेतो. घसाऱ्याच्या (सुट्या दगडमातीच्या) उतारावर मात्र नियम कुचकामी ठरतो.

कात्रजच्या जुन्या बोगद्यापासून सिंहगडापर्यंत तेरा टेकड्या लागतात असे रूढ आहे. कोणत्या उंचवट्याला टेकडी म्हणावे यावर हा आकडा हलतो.

नोंदीबाबत दोन मते आढळतात. फोनवरील जीपीएक्स रेघ (जीपीएसने चालताना आपोआप नोंदलेली वाट) पुरेशी आहे, असे एक. रेघेसोबत लेखी टिपण हवेच, असे दुसरे. दुसरे अधिक ग्राह्य वाटते. अरुंद नाळेत संकेत दोन्ही कड्यांवरून परावर्तित होतात, रेघ नागमोडी होते आणि अंतर फुगते. शिवाय मे महिन्यातील रेघ सप्टेंबरात कमरेएवढ्या गवतात आणि कारवीच्या रानात हरवते. उलट ‘डावीकडची ढोरवाट सोडावी, ती वाडीत परत येते; कातळात पाच खोदीव पावठ्या; वर टाके, पाणी फेब्रुवारीपर्यंत’ अशी टिपणी कोणत्याही ऋतूत कामी येते. टिपणीत चालल्याची तारीख, सोबत घेतलेल्या पाण्याचे माप आणि सोंडेला किंवा खिंडीला गावातली माणसे काय म्हणतात ते नाव असावे. पत्रकावरील नाव आणि गुराख्याच्या तोंडचे नाव पुष्कळदा वेगळे असते. वाट विचारताना दुसरेच उपयोगी पडते.