रिमला रंग मारला आणि पाच मिनिटांत तो पांढरा पडला

आमची गाडी रत्नागिरीत असते, बारा महिने खारा वारा, त्यामुळे स्टीलच्या रिमला गंज धरणारच. मागच्या ऑगस्टमध्ये दोन दिवस पावसाने उघडीप दिली तेव्हा मी पुढच्या दोन रिम काढल्या, घासल्या आणि स्प्रेच्या कॅनने काळा रंग मारला. मारला तेव्हा एकदम चकचकीत, पण पाचच मिनिटांत त्यावर दुधाळ झाक यायला लागली, आंघोळीनंतर आरशावर वाफ धरते ना तशी, फरक एवढाच की ही पुसून जाईना. खूप वाईट वाटलं, अख्खा दिवस घासण्यात गेला होता. आधी वाटलं कॅनच जुना असेल, पण कॅनचा काही दोष नव्हता, दोष हवेचा होता.

होतं काय की स्प्रेच्या रंगात थिनरसारखं सॉल्व्हंट असतं आणि ते उडून गेलं की रंग वाळतो. आता उडायला उष्णता लागते, ती ते रंगातूनच आणि खालच्या पत्र्यातून ओढून घेतं, हातावर सॅनिटायझर घेतल्यावर गार लागतं तेच हे. म्हणजे ओला रंग आजूबाजूच्या हवेपेक्षा थोडा गार होतो. हवा २७ डिग्री आणि आर्द्रता ९० टक्के असेल तर साधारण २५ डिग्रीलाच दव पडायला लागतं, म्हणजे रंग फक्त २ डिग्री गार झाला की त्यावर पाण्याचे बारीक बारीक थेंब जमणार! ते पाणी रंगात शिरतं, रेझिनची (रंगातला, वाळून थर बनणारा चिकट भाग) सलग फिल्म बनू देत नाही, आत सूक्ष्म पोकळ्या राहतात आणि त्या प्रकाश चहूकडे विखुरतात. पाण्याला रंग नसूनही ढग पांढरा दिसतो, त्यातलाच प्रकार. याउलट हिवाळ्यातल्या कोरड्या दुपारी हवा ३० डिग्री आणि आर्द्रता ४० टक्के असेल तर दव पडायला रंग पार १५ डिग्रीपर्यंत उतरावा लागतो, तेवढा तो उतरत नाही. म्हणून डिसेंबरात सगळं पुन्हा केलं.

या वेळी घासण्यात कंजूषी केली नाही. लोखंडाचा गंज झाला की त्याला मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा लागते, त्यामुळे रंगाखाली कणभर गंज उरला तरी तो ओलाव्याने वाढत जातो आणि रंगाला खालून उचलतो, मग पोपडे निघतात. आधी ८० नंबरचा पॉलिश पेपर मारून गंज काढला, मग ३२० नंबरने ओरखडे बारीक केले, अगदी गुळगुळीत मात्र करायचं नाही कारण प्रायमरला (रंगाच्या आधी मारायचा थर) धरायला तेच ओरखडे लागतात. (अलॉय व्हील असेल तर गोष्ट वेगळी, ॲल्युमिनियम उघडं पडलं की लगेच त्यावर ऑक्साइडचा पातळ थर येतो, त्याला ॲसिडवाला एचिंग (etching) प्रायमर लागतो.)

एवढं करूनही एका रिमवर प्रायमर मारताच ज्वारीच्या दाण्याएवढे गोल खड्डे पडले, मधोमध उघडा पत्रा आणि कडेने रंगाची गोल वळी. बोट फिरवलं तर बुळबुळीत! टायर पॉलिशमधलं सिलिकॉन होतं ते. त्याचा पृष्ठताण इतका कमी की रंग त्यावर पसरतच नाही, बाजूला सरकतो. सगळं पुसून काढलं, थिनरचा बोळा फिरवला आणि दर वेळी नवीन फडकं घेतलं, तेव्हा कुठे जमलं. टायरवर रंग उडू नये म्हणून टायर आणि रिमच्या फटीत पत्त्यांचा जुना कॅट खोचला, टेपपेक्षा लाख पटीने सोपं.

कोट पातळ मारायचे, हे सगळेच सांगतात पण का ते ऐका. उभ्या पृष्ठभागावर ओल्या रंगाचा थर दुप्पट जाड झाला की तो खाली घसरायचा वेग चौपट होतो आणि वाहून जाणारा रंग आठपट, म्हणून ओघळ हळूहळू येत नाहीत, एकदम येतात. कॅन वीस-पंचवीस सेंटीमीटरवर धरून तीन-चार हलके कोट, मध्ये दहा मिनिटं थांबायचं. फार लांबून मारलं तर थेंब हवेतच अर्धवट वाळतात आणि संत्र्याच्या सालीसारखं खडबडीत होतं. वाफ अडवणारा कार्बन फिल्टरचा मास्क घाला, कापडी मास्कने सॉल्व्हंट अडत नाही.

आणि एक, हे मात्र जिवाशी गाठ आहे: नट जिथे बसतात ती जागा आणि रिमची हबला (चाक ज्यावर बसतं तो गाडीचा मधला भाग) टेकणारी आतली बाजू अजिबात रंगवू नका. रंगाचा थर दबतो, झिजतो आणि घट्ट आवळलेला नट हळूहळू सैल पडतो. चाक लावल्यावर पन्नासेक किलोमीटर चालवून नट पुन्हा पान्याने तपासा. माझ्या रिमवर नटांच्या जागा तशाच उघड्या आहेत, तिथे थोडा तांबूस गंज दिसतो, दिसू दे.